त्या रात्री ऐकू न आलेला अलार्म

प्रिय ताई,

मी नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्या वॉर्डात चोवीस खाटा, त्यांतल्या सहा खाटांना मॉनिटर लावलेले. तीन आठवड्यांपूर्वी नाइट ड्यूटीत, पहाटे तीनच्या सुमारास, मी सहा नंबरची सलाइन बदलत होते. चार नंबरच्या आजोबांचा ऑक्सिजनचा मास्क सरकला होता, मॉनिटर वाजत होता, आणि मला तो ऐकूच आला नाही. शेजारच्या रुग्णाच्या मुलीने हाक मारली तेव्हा मी वळले. मास्क नीट बसवला, पाच मिनिटांत आजोबा सावरले. त्यांना काही झालं नाही, पण त्या रात्रीपासून मला धड झोप नाही. घरी वॉशिंग मशीन संपल्याचा आवाज आला तरी छातीत धस्स होतं. त्याच आठवड्यात एका रुग्णाने घरी जाताना लिहून दिलं, ‘सिस्टर लोक रात्रभर बोलतात, झोपू देत नाहीत.’ लगेच भिंतीवर ‘शांतता राखा’च्या पाट्या लागल्या आणि आम्हाला बोलणी बसली. मला कमी ऐकू यायला लागलंय का? की मी निष्काळजी झालेय? आणि जिथे भिंती सोडून सगळं वाजतं तिथे शांतता राखायची म्हणजे नेमकं काय करायचं?

रात्रपाळीची सिस्टर

*

तू मला ताई म्हणालीस, मग एकेरीच लिहिते. मीही तुझ्यासारखीच वॉर्डातून आलेली, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कान तपासून घे. साधी ऑडिओमेट्री, फार वेळ लागत नाही. माझा अंदाज, कान ठणठणीत निघतील. रोजच्या आवाजाने कानाला कायमची इजा व्हायला साधारणपणे आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज लागतो. वॉर्डातला आवाज क्षणभर तिथवर उडी मारतो, पण तासन्‌तास तिथे टिकत नाही. तरीही तपास. रात्री तीन वाजता मनात येणारी शंका रिपोर्ट हातात आल्याशिवाय जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ घेते, कारण तुझी झोप त्यानेच उडवली आहे. लेकुरवाळ्या आईच्या उशाशी पंखा घरघरत असतो, बाहेर गाड्या जात असतात, तिला काही जाणवत नाही. बाळ नुसतं कुशीवर वळलं की डोळे उघडतात. आवाज मोठा की बारीक हे मेंदू नंतर बघतो, आधी बघतो तो आपल्या कामाचा आहे का. याच मेंदूला आपण मॉनिटर लावलेल्या खाटांमध्ये उभं करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतल्या ४६१ रुग्णांचे अलार्म महिनाभर मोजले गेले. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कानावर पडणारे अलार्म निघाले दर खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाचे ठोके बिघडल्याचे म्हणून जे वाजले, त्यांतले बारा हजारांहून अधिक अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून पाहिले, तर जवळजवळ ८९ टक्के खोटे. हा हिशेब तुझ्या सहा खाटांना लावला तर बारा तासांच्या रात्रीत साधारण सव्वा मिनिटाला एक अलार्म येतो. तुझा वॉर्ड म्हणजे आयसीयू नव्हे, इतके वाजत नसतील. निम्मे धर. तरी अडीच मिनिटांना एक.

रुग्ण हलला, वाजला. खोकला, वाजला. प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजणारी क्लिप, बोटावरून घसरला, छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचं जेल वाळलं, वाजला. दहातल्या नऊ वेळा हातातलं काम टाकून धावायचं आणि काही नव्हतं म्हणून परत यायचं, असं नऊ वर्षं. त्यातून मेंदू जे शिकायचं तेच शिकतो, की हा आवाज पंख्याच्या जातीचा. याला अलार्म फटीग म्हणतात, अलार्मांचा शिणवटा. तो सर्वांत जास्त सोसतं कोण, तर जी प्रत्येक अलार्मला उठून जाते ती. कामचुकार माणसाला हा शिणवटा येत नाही.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याबद्दल सगळ्या रुग्णालयांना सावध केलं. जानेवारी २००९ ते जून २०१२ या साडेतीन वर्षांत त्यांच्याकडे अलार्मशी निगडित ९८ घटना कळवल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या ८० घटनांत रुग्ण दगावला होता. हे आकडे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, तरी मुद्दाम लिहिते आहे. त्या ८० खाटांशेजारी आळशी परिचारिका होत्या असं कुणी म्हणत नाही. आवाजांची इतकी दाटी झाली की कामाचा आवाज त्यात बुडतो, आणि ती दाटी कमी करणं हे रुग्णालयाचं काम आहे. एकट्या सिस्टरच्या कानांवर सोडायची गोष्ट नाही ही.

आता जे सांगणार आहे ते तुला आवडणार नाही. त्या रात्रीची घटना लेखी कळव. तीन आठवडे झाले असले तरी कळव.

मी असं का म्हणते ते ऐक. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका तरुण रुग्णाने मला अक्षरशः हात जोडले, ‘सिस्टर, हे वाजणं थांबवा हो, डोकं फुटेल.’ तो स्थिर होता. मी मॉनिटरचा आवाज अगदी बारीक केला. त्याला झोप लागली, मला बरं वाटलं. सकाळी दोन नवे रुग्ण आले, त्या गडबडीत हँडओव्हरला ते सांगायचं राहून गेलं. दिवसपाळीच्या सिस्टरच्या दुपारी ते सहज लक्षात आलं. तिने आवाज पुन्हा वाढवला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. मीही नाही बोलले. रुग्णाला काही झालं नव्हतं, दोघींचीही इभ्रत राहिली. पण त्या यंत्राचा आवाज कुणीही, कधीही, कुणाला न सांगता शून्याजवळ नेऊ शकतं ही उणीव आम्हा दोघींच्या गप्प बसण्यामुळे तशीच राहिली. आम्ही लिहिलं असतं तर कुणीतरी त्याला खालची मर्यादा घातली असती. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून लिही. लिहिताना ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असले शब्द नकोत आणि ‘माझी काही चूक नाही’ हेही नको. वेळ लिही. त्या रात्री चोवीस खाटांना किती जणी होतात ते लिही. तू चार नंबरपासून किती पावलांवर होतीस, कुठल्या बाजूला तोंड होतं, पडदा ओढलेला होता का, त्याच वेळी आणखी काय काय वाजत होतं. ऑक्सिजन घसरल्याचा आवाज आणि सलाइनचा पंप संपल्याचा आवाज तुमच्याकडे कानाला वेगळे कळतात का, हेही लिही. बहुतेक ठिकाणी ते नीट वेगळे कळत नाहीत. अलार्मांच्या आवाजासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि २०२० मध्ये त्यात सुधारणा करून, कशाबद्दलचा अलार्म आहे ते आवाजावरूनच ओळखू यावं असे नवे ध्वनी घातले गेले. पण वॉर्डात उभी असलेली जुनी यंत्रं जुनाच सूर काढत राहतात.

तक्रार करणाऱ्या रुग्णाकडे वळते. त्याचंही खरं आहे, आणि ते मान्य केल्याने तू खोटी पडत नाहीस.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी बारा निरोगी माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं आणि झोपेत त्यांना रुग्णालयातले चौदा प्रकारचे आवाज बारीक ते मोठे असे चढवत ऐकवले. २०१२ चा हा अभ्यास. रस्त्यावरची रहदारी बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत माणसं झोपून राहिली. यंत्रांचे अलार्म, फोनची रिंग आणि माणसांचं बोलणं यांनी मात्र बारीक आवाजातही झोप मोडली. क्षणभर झोप चाळवली तरी हृदयाचे ठोके वाढत होते. ही धडधाकट माणसं होती, दुखणं नाही, भीती नाही, सुई टोचलेली नाही. तुझ्या वॉर्डातल्या माणसाचं काय होत असेल ते बघ.

बोलण्याने झोप का मोडते? कारण त्याला अर्थ असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलणं हा त्याच्यावर क्रूरपणा आहे. बोलणं आपल्याबद्दलच चाललंय असं त्याला वाटतं आणि तो कानात प्राण आणून ऐकत राहतो. तुम्ही दोघी टेबलाशी ‘चार नंबरचं सकाळी बघू’ म्हणता, तेव्हा चार, पाच आणि सहा असे तिघे जागे होतात. म्हणून ‘हळू बोला’ हा सल्ला अर्धाच बरोबर. कुजबुज नको. बोलायचं असेल तर दोन दारं पलीकडे जाऊन नेहमीच्या आवाजात बोला, आणि खाटेजवळ बोलावंच लागलं तर रुग्णाला ऐकू येईल असं, त्याच्याशीच बोला.

हे मला कळलं ते फार उशिरा, स्वतः खाटेवर पडल्यावर. निवृत्तीनंतर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी सहा रात्री वॉर्डात होते. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण पडतं, त्याचा आवाज कसा असतो माहीत आहे? उभ्याने टाकणाऱ्याला तो कळतच नाही. झोपलेल्याच्या डोक्यापासून चार हातांवर तो एखादी फळी आपटल्यासारखा येतो. स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलेली कात्री, खाटेचा कठडा खाली सोडताना होणारा खटका, औषधांच्या ट्रॉलीचं ते एक चाक, कपाटाचं दार. कुणी जाणूनबुजून काही करत नव्हतं. हे सगळे आवाज मी तीस वर्षं केले होते, आणि त्या वेळी माझ्याभोवती झोपलेल्या कितीतरी माणसांनी ते निमूट सोसले होते. तिसऱ्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, गुडघ्यासाठी नव्हे.

झोप न मिळाल्याने नुसती चिडचिड होते असं समजू नकोस. दुखणं जास्त जाणवतं, रक्तदाब आणि साखर वर जाते, भूक जाते. वयस्क माणूस तिसऱ्या-चौथ्या रात्री बरळायला लागतो, सलाइन उपटतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात वयामुळे भ्रम झाला. त्या डिलिरियममागे औषधं, संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं अशी अनेक कारणं असतात आणि मोडलेली झोप त्यांना हातभार लावते. येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की घरी गेल्यानंतरचे काही आठवडे रुग्ण कुठल्याही नव्या दुखण्याला सहज बळी पडेल अशा नाजूक अवस्थेत असतो, आणि याची जी कारणं त्यांनी दिली त्यांत रुग्णालयातली झोपमोड अगदी पुढे आहे. म्हणजे आपल्या ट्रॉलीचं चाक त्याच्याबरोबर घरापर्यंत जातं.

आता त्या पाट्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वॉर्डातला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि रात्री एखादा आवाज चढला तरी ४० च्या वर जाऊ नये. ३० म्हणजे निजानीज झालेल्या घरातली खोली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००५ मध्ये जुनी-नवी मोजमापं एकत्र मांडली तेव्हा दिसलं की १९६० पासून रुग्णालयांतला दिवसाचा आवाज सरासरी ५७ वरून ७२ वर आणि रात्रीचा ४२ वरून ६० डेसिबलवर गेला होता. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते, कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. ४२ चे ६० म्हणजे ऊर्जा साठपटीहून जास्त. त्या पंचेचाळीस वर्षांत सिस्टर साठपट बोलक्या झाल्या नाहीत. यंत्रं वाढली, त्यांचे पंखे वाढले, प्रत्येक यंत्राला तोंड फुटलं.

आणि खोली तो आवाज गिळत नाही, परत फेकते. वॉर्डाच्या भिंती, फरशी, छत सगळं कडक आणि गुळगुळीत असतं, पुसायला सोपं जावं म्हणून. त्यात एक आवाज घुमत राहतो, त्यावर दुसरा चढतो. मग माणसं आपोआप मोठ्याने बोलायला लागतात. गोंगाटात आपला आवाज नकळत चढतो हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवलं होतं आणि त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. पाटी वाचून तो परिणाम थांबत नाही. एकीचा चढला की दुसरीचा चढतो, आणि वरून औषधाचं नाव किंवा मात्रा चुकीची ऐकली जाण्याची भीती.

स्वीडनमधल्या एका हृदयरोग अतिदक्षता विभागात मात्र छताला हात घातला गेला. काही आठवडे छतावर आवाज परतवणाऱ्या टाइल्स, काही आठवडे आवाज शोषून घेणाऱ्या. शोषणाऱ्या टाइल्स होत्या तेव्हा खोलीतलं घुमणं साधारण निम्म्यावर आलं. २००५ मध्ये निष्कर्ष आले. घुमणाऱ्या खोल्यांत राहिलेले रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त होतं. शांत छताखाली काम करणाऱ्यांना कामाचा ताण कमी वाटला. आणि तुझ्यासाठी खास ही गोष्ट आहे: शांत छताच्या काळात रुग्णांना कर्मचाऱ्यांची वागणूक जास्त चांगली वाटली. विभाग तोच होता, बदललं होतं छत. तुझ्या तक्रारीच्या कागदावर मी हाताने लिहीन, ‘छत तपासा.’ पुसता-धुता येतील असे आवाज शोषणारे छताचे तक्ते मिळतात, तेव्हा जंतुसंसर्गाचं कारण पुढे आलं तर एवढ्यावर थांबू नकोस.

छत काही तुझ्या हातात नाही. जे हातात आहे ते सांगते.

सगळ्यात आधी एक तास ऐक. ज्या रात्री तू ड्यूटीवर नसशील किंवा कामाला दुसरं कुणी असेल, अशा रात्री इन्चार्जची परवानगी घेऊन एका रिकाम्या खाटेवर चक्क आडवी हो. दोन ते तीन. हातात कागद. जे ऐकू येईल ते, आणि ते कुठून आलं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असेल तर लाव, आकडा अंदाजे समज, पण यादी महत्त्वाची. उभं राहून ऐकलेला वॉर्ड आणि पडून ऐकलेला वॉर्ड वेगळे असतात. या यादीतले निम्मे आवाज तेलाच्या चार थेंबांनी, रबराच्या एका पट्टीने किंवा ट्रेखाली घडी घालून ठेवलेल्या फडक्याने जातील. डब्याचं झाकण, चाक, दार, कठडा. हे काम मावशी आणि वॉर्डबॉय तुझ्यापेक्षा चांगलं करतील, त्यांना यादी दाखव, त्यांचं मत विचार.

अलार्मांचं काम एकटीने करायचं नाही. मी जशी एकटीने आवाज बारीक केला तसा कधीही करू नकोस, रुग्णाने हात जोडले तरी. पण डॉक्टर, इन्चार्ज आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्या बायोमेडिकलच्या माणसासोबत बसून हे विचार: या मॉनिटरवर ज्या मर्यादा आहेत त्या कंपनीने घालून दिलेल्या आहेत की या रुग्णासाठी ठरवलेल्या? ज्याची नाडी नेहमीच ५२ असते त्याला खालची मर्यादा ६० वर ठेवली तर तो रात्रभर वाजणारच. बॉस्टन मेडिकल सेंटरच्या हृदयरोग वॉर्डात मर्यादा नव्याने ठरवल्या गेल्या, उगाच पिपाणी वाजवणारे अलार्म काढले गेले आणि परिचारिकांना रुग्णानुसार मर्यादा बदलण्याची मुभा दिली गेली. ऐकू येणारे अलार्म ८९ टक्क्यांनी घटले. उरले ते कामाचे, आणि कामाचे उरले म्हणून लोक पुन्हा वळून बघायला लागले. तुझ्या बाजूने रोजचं एवढं कर: त्वचा स्वच्छ आणि कोरडी करून इलेक्ट्रोड रोज नवे लाव, प्रोबचं बोट पाळीला एकदा बदल, आणि सलाइन संपायच्या दहा मिनिटं आधी पंपाशी पोच. पंप ओरडल्यावर जाण्यापेक्षा आधी जाणं कमी दमवतं. हे मी अनुभवाने सांगते.

मग रात्रीची कामं. स्थिर रुग्णाचा रक्तदाब बाराला, औषध एकला, रक्ताचा नमुना चारला, ही कामं एका खेपेत होतील का? पहाटे चारचा नमुना नेमका चारलाच का लागतो, असं डॉक्टरांना विचार. पुष्कळदा उत्तर असतं की राउंडच्या आधी रिपोर्ट हवा, आणि पाचचा नमुना तेवढाच चालतो. अतिदक्षता तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रात्री आवाज आणि उजेड कमी ठेवण्याची शिफारस आहे, तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीस.

इयरप्लग रुग्णाला देऊ कर, सक्ती करू नकोस. रात्री ते वापरलेल्या आयसीयू रुग्णांत भ्रमाचं प्रमाण कमी आढळलं आहे. पण जो आधीच गोंधळलेला आहे किंवा ज्याला स्वतः काढता येत नाहीत, त्याच्या कानात घालू नयेत. आणि ज्यांना कानाचं यंत्र लागतं त्यांचं यंत्र कपाटात बंद करून ठेवायचं नाही, हाताला लागेल असं उशाशी ठेवायचं. अर्धवट ऐकू येणारा गोंगाट म्हाताऱ्या माणसाला फार घाबरवतो.

मला विचारशील तर या सगळ्याच्या आधी एक फुकटची गोष्ट येते. रुग्ण आला त्याच संध्याकाळी त्याच्या खाटेशी उभं राहून आवाजांची ओळख करून द्यायची. ‘आजोबा, असं टिंग-टिंग वाजलं तर ती सलाइन संपल्याची खूण, घाबरायचं नाही, मी येते. आणि असं वाजलं तर बोटाची क्लिप निघाली असेल, आपली आपण चाचपून बघा.’ दोन मिनिटं लागतात. ज्या आवाजाचा अर्थ कळला तो निम्मा मरतो. माझ्या सहा रात्रींत एका मुलीने, नवीनच होती, मला न विचारता हे सांगितलं, आणि तेवढी एक रात्र मी झोपले. तिला माहीत नव्हतं मी कोण आहे.

तुझी बदली कधी नवजात अतिदक्षता विभागात झाली तर एवढं लक्षात ठेव की अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये तिथे ४५ डेसिबलच्या वर आवाज नको असं म्हटलं, आणि इनक्युबेटरच्या छपरावर ठेवलेली बाटली किंवा फाइल आतल्या बाळाच्या डोक्यावर आपटल्यासारखी ऐकू येते.

राहिलीस तू. घरचं मशीन वाजलं की धस्स होणं हे या कामात मुरलेल्या पुष्कळ जणींना होतं. कुणी अंघोळ करताना मॉनिटर ऐकते, कुणी झोपेतून उठून बसते. वॉर्डातल्या आवाजाचा ताण आणि परिचारिकांचं पार थकून, विझून जाणं यांचा संबंध १९८८ मध्येच मांडला गेला आहे, तेव्हा ‘मलाच सहन होत नाही’ असं मनात आणू नकोस. ड्यूटी संपली की पहिला अर्धा तास कानाला काही देऊ नकोस, गाणी नको, फोन नको. घरातल्या यंत्रांचे आवाज बंद करता येत असतील तर सरळ बंद कर. रात्रीनंतर लगेच जादा पाळी घेऊ नकोस, निदान हा महिना तरी. आणि ती रात्र डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत राहिली, झोप आणखी दोन आठवड्यांत सुधारली नाही, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. रुग्णाला हेच सांगतेस ना तू?

त्या लेखी तक्रारीला उत्तर द्यायची संधी मिळाली तर पाटीबद्दल वाद घालू नकोस. एवढंच लिही की तुम्हाला झोप मिळाली नाही याचं आम्हाला वाईट वाटतं, टेबल तुमच्या खाटेपासून किती जवळ आहे ते आम्ही मोजलं आहे, आणि रात्रीचं हँडओव्हर आता आतल्या खोलीत होतं. मग ते खरोखर आतल्या खोलीत होईल असं बघ.

आधी ती घटना लिहून दे. मग तो एक तास खाटेवर पडून ऐक आणि कागद मला पाठव. कुठला आवाज पहिल्यांदा गेला, तेही कळव.

तुझी,
ताई